कारण अज्ञात

डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत
क्षणभर पिवळी होते.
सून म्हणते, आई, आच कमी करा ना.
मी बघत राहते. सोडियम.
एकोणतीस वर्षं हाच रंग मोजला मी, पगार घेऊन,
सेमिनरी हिल्सच्या उतारावर, तळमजल्याच्या प्रयोगशाळेत,
जिथे मे महिन्यात कूलरचा वाळा
दुपारी बारालाच सुकून जायचा.

उंदराच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी
एक ग्रंथी असते, तांदळाच्या कणीएवढी.
ती काढली तरी पहिल्या दिवशी काही होत नाही.
तो मिशा पुसतो, खातो,
दुसऱ्याच्या अंगावर पाय टाकून झोपतो.
मग मीठ निघू लागतं त्याच्यातून, लघवीवाटे,
जसं न भांडता घर सोडणारं माणूस
रोज एकेक भांडं नेत राहतं.
रक्तात पोटॅशियम चढतं.
आठव्या-नवव्या दिवशी तो पाठ काढून कोपऱ्यात बसतो
आणि हाताला गार लागतो,
सेहेचाळीस अंशांच्या नागपुरात.

मांडीचा स्नायू वाळवायचा, जाळायचा,
राख आम्लात विरघळवून ज्योतीत फवारायची.
काटा हलायचा.
मी आकडा लिहायची आणि हात धुवायची.

वरच्या ओळीतल्या पिंजऱ्यांना दोन बाटल्या,
एक साधी, एक खारी.
कोणी शिकवलं नव्हतं,
तरी ग्रंथी गेलेला खाऱ्या बाटलीपाशीच जायचा
आणि जगायचा.
खालच्या ओळीला एकच बाटली, साधी.
त्यांनी मरायचं होतं. तक्त्यात तसा रकाना होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सातव्या पिंजऱ्याचे उंदीर
मरेनात.
नववा दिवस गेला, बारावा गेला.
धारकर सरांनी माझी द्रावणं तपासली, फिल्टर तपासले,
माझ्याकडेही जरा तपासल्यासारखं पाहिलं.
संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी त्या बाटलीतला थेंब जिभेवर घेतला.

नत्थूजी सहारे पिंजरे धूत होता.
मीठच तं टाकलं जी बाई. चिमूटभर.
मांगत होते ते.
मांगत होते?
दिवसभर नळी चाटत रायते. तुमाले दिसत नाही?

मला काटा दिसायचा.

वहीत लिहिलं: पिंजरा क्र. ७,
पाण्यात मीठ आढळले. कारण अज्ञात.
त्या कपाटभर वह्यांत माझं हे एवढंच खोटं.

पुढे आघाताचे प्रयोग आले. लोखंडी ढोल,
आत उंदीर, बाहेर हँडल, मिनिटाला चाळीस फेरे.
रक्त सांडत नाही, कातडी फाटत नाही,
पण पेशीचं दार बिजागरीतून निखळतं.
आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचं सोडियम आत,
मागोमाग पाणी. स्नायू फुगतो, भिजल्या वातीसारखा.
ग्रंथी नसलेले तर निम्म्या फेऱ्यांतच संपत.
ढोलाच्या दिवशी नत्थूजी रजा टाकायचा.
कारण: घरगुती.

एकोणऐंशीच्या माघात काटोल नाक्यावर
ट्रकनं त्याला सायकलीसकट दाबलं.
दोन्ही मांड्या. तीन तास तो चाकाखाली होता.
मेयोत पोचले तेव्हा त्याच्या पोरानं,
देवानंदनं, कागद पुढे केला.
बाई, तुम्हाले यातलं समजते.
हा आकडा चांगला का वाईट?

सात पूर्णांक एक.
किती वेळा लिहिला असेल मी तो,
निळ्या शाईनं, नीट रकान्यात.
चढलाय थोडा, म्हटलं.
थोडा म्हटलं मी.

खाटेवर काचेची बाटली उलटी टांगलेली,
नळीतून थेंब, मग थेंब.
मिठाचंच पाणी, त्याच्या शिरेत.
तोंड मात्र कोरडं. जीभ ओठांवरून फिरायची,
थांबायची, फिरायची.

कोपऱ्यात माठ होता.
मी पेला भरून घेतला.
सिस्टर म्हणाली, नको, तोंडानं काही द्यायचं नाही.
मी पेला तसाच धरून
बराच वेळ उभी होते.